टर्मिनलवरून काँग गेटवे कसा सांभाळायचा

एपीआय गेटवे म्हणजे सगळ्या सेवांच्या पुढे उभा असलेला प्रवेशद्वारासारखा सर्व्हर. त्यावर झालेली चूक एका सेवेपुरती राहत नाही. मागे दहा सेवा असोत की शंभर, बाहेरून येणारी प्रत्येक विनंती याच सर्व्हरवरून आत जाते, त्यामुळे इथली एक ओळ चुकली की सगळ्यांचाच रस्ता अडतो. म्हणून या कामावर नव्याने बसणाऱ्याने आधी शिकायचा तो क्रम: पाहा, तपासा, बदला, पुन्हा पाहा. आज्ञा मोजक्याच आहेत, एका दुपारीत पाठ होतील. कोणती आज्ञा केव्हा द्यायची आणि तिच्या उत्तरावर किती विसंबायचं, हे अंगवळणी पडायला मात्र वेळ लागतो. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिलं आहे.

उदाहरण म्हणून काँग हा गेटवे घेऊ. मॅशेप या कंपनीने तो २०१५ मध्ये मुक्तस्रोत केला आणि २०१७ मध्ये स्वतःचं नावच काँग करून घेतलं. आतून हा एन्जिनएक्स नावाचा वेब सर्व्हर आहे: ओपनरेस्टी या त्याच्या वाढीव रूपावर बसवलेला, लुआ भाषेत वाढवलेला. पुढे वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस), सिग्नल (प्रोसेसला दिलेला इशारा), ॲक्सेस लॉग (आलेल्या विनंत्यांची नोंद) असे शब्द येतील, ते सगळे मूळचे एन्जिनएक्सचे. ज्यांनी एन्जिनएक्स चालवला आहे त्यांना काँगची निम्मी ओळख आधीच आहे.

खालच्या आज्ञा, फाइलींची नावं आणि आकडे देवनागरीत दिले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत टाइप करायचे, वेगळं सांगितलं नसेल तर लहान अक्षरांत. डॅश, अंडरस्कोर आणि तिरकी रेघ जिथे दिसते तिथे जशीच्या तशी ठेवा.

आधी सर्व्हर ओळखून घ्या

दुसऱ्याने उभारलेला सर्व्हर हाती आला की लगेच काही बदलू नका. पहिली आज्ञा:

काँग व्हर्जन

आवृत्ती कळल्याशिवाय कुठलंही माहितीपान उघडू नका, कारण २ आणि ३ या मालिकांत बरेच फरक आहेत. एकच सांगतो: ३.० पासून राउटचा (कोणती विनंती कुठे जायची त्या नियमाचा) पाथ रेजेक्स, म्हणजे नमुन्याने जुळवायचा मजकूर, असेल तर त्याच्या सुरुवातीला टिल्डे (~) हे चिन्ह द्यावं लागतं. जुन्या आवृत्तीसाठी लिहिलेलं उदाहरण नव्यावर चिकटवलं तर तो पाथ साधा मजकूर समजला जातो आणि विनंती जुळतच नाही.

मग कोणते पोर्ट उघडे आहेत ते पाहा:

एसएस -एलटीएनपी

काँगने स्वतः ठरवलेले पोर्ट असे: ८००० वर साधी एचटीटीपी वाहतूक, ८४४३ वर टीएलएस म्हणजे कूटबद्ध वाहतूक, ८००१ वर ॲडमिन एपीआय म्हणजे काँगची सेटिंग बदलायचं दार आणि ८४४४ वर तोच टीएलएससह. या यादीत एकच गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. ८००१ समोरचा पत्ता १२७.०.०.१ (फक्त याच मशीनवरून) आहे की ०.०.०.० (कुठूनही)? ॲडमिन एपीआय ज्याच्या हाती, त्याच्या हाती अख्खा गेटवे. नवा राउट जोडणं, पासवर्डची तपासणी काढून टाकणं, वाहतूक भलत्याच सर्व्हरकडे वळवणं हे सगळं तिथून होतं, आणि मुक्तस्रोत काँगमध्ये त्या पोर्टवर आपोआप कुठलंही कुलूप नसतं. मूळ सेटिंगमध्ये तो फक्त त्याच मशीनवरून उघडतो, आणि हे अगदी योग्य आहे. डॉकरमध्ये, म्हणजे काँग कंटेनरमध्ये चालवताना, मात्र सोय म्हणून पुष्कळ जण तो ०.०.०.० वर उघडतात आणि तसाच ठेवतात. तसं दिसलं तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते बंद करा.

लांबून काम करायचं असेल तर एसएसएचचा बोगदा वापरा, यातला एल मोठा:

एसएसएच -एल ८००१:लोकलहोस्ट:८००१ सर्व्हरचं-नाव

आता तुमच्या लॅपटॉपवरचा ८००१ म्हणजे सर्व्हरवरचा ८००१, आणि बाहेरच्या जगासाठी तो बंदच राहतो.

फाइली दोन ठिकाणी सापडतील. पॅकेजमधून बसवलेल्या काँगची सेटिंग '/ईटीसी/काँग' या फोल्डरमध्ये असते. तिथे 'काँग.कॉन्फ.डिफॉल्ट' नावाचा नमुना असतो. त्याची प्रत करून 'काँग.कॉन्फ' बनवायची. चालू असताना काँग जे काही लिहितो, म्हणजे लॉग, प्रोसेस क्रमांक, तयार केलेली एन्जिनएक्स फाइल, ते सगळं '/यूएसआर/लोकल/काँग' इथे असतं. या जागेला प्रिफिक्स म्हणतात.

इथे नवख्यांना हमखास गोंधळात टाकणारी एक गोष्ट आहे. 'काँग.कॉन्फ' मधली प्रत्येक सेटिंग एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलनेही देता येते. नाव मोठ्या अक्षरांत लिहायचं, त्याआधी काँग आणि अंडरस्कोर लावायचं, झालं. दोन्हीकडे वेगळं लिहिलेलं असेल तर व्हेरिएबल जिंकतं. म्हणजे तुम्ही फाइल बदलता, पुन्हा बदलता, आणि काहीच होत नाही. अशा वेळी फाइलशी झगडत बसण्याआधी सिस्टमडीची (लिनक्सवर सेवा सुरू-बंद करणाऱ्या यंत्रणेची) सेवा-फाइल किंवा डॉकरची कंपोज फाइल उघडून पाहा.

पहिला राउट, डेटाबेसशिवाय

काँग दोन प्रकारे चालतो. सेवा आणि राउट पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ठेवता येतात किंवा एका यॅमल फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात लिहिलेल्या सेटिंगच्या फाइलमध्ये. पूर्वी कॅसँड्रा हा डेटाबेसही चालायचा, ३.४ पासून तो आधार काढला. शिकणाऱ्याने यॅमलपासूनच सुरुवात करावी, असं मी आग्रहाने सांगेन. फाइल गिटमध्ये राहते, कोणी केव्हा काय बदललं ते दिसतं, आणि बिघडलं तर कालची प्रत परत आणता येते. छोट्या संघाला कित्येकदा डेटाबेसची गरजच पडत नाही.

'काँग.कॉन्फ' मध्ये दोन ओळी:

डेटाबेस = ऑफ
डिक्लेरेटिव्ह_कॉन्फिग = /ईटीसी/काँग/काँग.वायएमएल

आता समजा एका ग्रंथालयाची पुस्तक-सूची देणारी सेवा त्याच मशीनवर ५००० पोर्टला चालू आहे. तिच्यासाठी 'काँग.वायएमएल' असं लिहायचं:

_फॉरमॅट_व्हर्जन: "३.०"
सर्व्हिसेस:
- नेम: ग्रंथालय
  यूआरएल: एचटीटीपी://१२७.०.०.१:५०००
  राउट्स:
  - नेम: पुस्तके
    पाथ्स:
    - /पुस्तके

सर्व्हिस म्हणजे मागे कुठे जायचं ते, राउट म्हणजे बाहेरून काय आलं तर तिकडे जायचं ते. एका सर्व्हिसला अनेक राउट असू शकतात. यॅमलमध्ये टॅब चालत नाही, डावीकडची जागा स्पेसनेच सोडायची.

सुरू करण्याआधी दोन्ही फाइली तपासून घ्या:

काँग चेक /ईटीसी/काँग/काँग.कॉन्फ
काँग कॉन्फिग पार्स /ईटीसी/काँग/काँग.वायएमएल

पहिली आज्ञा सर्व्हरची सेटिंग तपासते, दुसरी सेवा आणि राउटची फाइल. दुसरी आज्ञा फाइल फक्त वाचून पाहते, लागू काहीच करत नाही, त्यामुळे भर दुपारी चालू सर्व्हरवरही बिनधास्त चालवा. सगळं ठीक असेल तर 'पार्स सक्सेसफुल' एवढंच उत्तर येतं. फाइल गिटमध्ये असेल तर प्रत्येक बदलावर ही तपासणी आपोआप होईल अशी व्यवस्था पहिल्याच आठवड्यात करून टाका.

मग:

काँग स्टार्ट -सी /ईटीसी/काँग/काँग.कॉन्फ

सुरू होत नसेल तर याच आज्ञेच्या शेवटी दोन डॅश आणि दोनदा व्ही, म्हणजे '--व्हीव्ही' लावा. काँग कोणती सेटिंग कुठून उचलतो ते ओळीओळीने दिसतं. यूलिमिट (एका प्रोसेसला उघडता येणाऱ्या फाइलींची मर्यादा) किमान ४०९६ करा अशी सूचना आली तर तेवढ्याने काम अडत नाही, पण खऱ्या वाहतुकीच्या सर्व्हरवर ती मनावर घ्या. प्रत्येक जोडणीला एक फाइल-क्रमांक लागतो, आणि १०२४ चटकन संपतात.

एक ठरवून टाका: काँग सिस्टमडीने चालवायचा की थेट आज्ञेने. एकदा 'सिस्टमसीटीएल' ने सुरू केलेला काँग दुसऱ्यांदा 'काँग स्टॉप' ने थांबवला, की सिस्टमडीची समजूत आणि वस्तुस्थिती यांची फारकत होते. सर्व्हरवर एकच रीत हवी, आणि ती रीडमी फाइलमध्ये लिहिलेली हवी.

चालू आहे, म्हणजे नेमकं काय

काँग हेल्थ

ही आज्ञा 'एन्जिनएक्स रनिंग' आणि पुढे 'काँग इज हेल्दी' असं सांगते. नवखे इथेच निर्धास्त होतात. तिचा अर्थ एवढाच की प्रोसेस जिवंत आहे. राउट बरोबर आहे का, मागची सेवा उत्तर देते का, यातलं काही ती पाहत नाही. खरी परीक्षा बाहेरच्या ग्राहकासारखी विनंती पाठवूनच होते:

कर्ल -आय लोकलहोस्ट:८०००/पुस्तके/४२

'-आय' लहान अक्षरात. त्याने उत्तरासोबत हेडरही दिसतात, आणि गेटवेच्या कामात निम्मं निदान हेडरमध्येच असतं. समजा ४०४, म्हणजे 'मागितलेलं सापडलं नाही', आला. हा ४०४ कोणाचा? काँगला राउटच सापडला नसेल तर मजकुरात 'नो राउट मॅच्ड विथ दोज व्हॅल्यूज' असं येतं आणि 'सर्व्हर' या हेडरमध्ये काँगचं नाव असतं. विनंती मागच्या सेवेपर्यंत जाऊन तिथून ४०४ आला असेल तर काँगचं नाव 'व्हाया' या हेडरमध्ये दिसतं, सोबत 'एक्स-काँग-अपस्ट्रीम-लेटन्सी' म्हणजे मागच्या सेवेने उत्तराला किती मिलिसेकंद घेतले ते. एवढं पाहिलं की 'बिघाड गेटवेत आहे की सेवेत' या प्रश्नावर दोन संघांत तासभर चालणारी चर्चा मिनिटात मिटते.

वरच्या उदाहरणात सेवेकडूनच ४०४ येण्याची दाट शक्यता आहे, आणि त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. राउटमध्ये 'स्ट्रिप_पाथ' नावाची सेटिंग असते आणि आपण काही लिहिलं नाही तर ती चालू असते. राउटशी जुळलेला भाग काँग कापून टाकतो आणि उरलेला पुढे पाठवतो. बाहेरून '/पुस्तके/४२' आलं, सेवेला मिळालं नुसतं '/४२'. सेवा स्वतःच्या कोडमध्ये '/पुस्तके/४२' ची वाट पाहत असेल तर ती बिचारी ४०४ नाही तर काय देणार? राउटखाली ही ओळ घाला:

    स्ट्रिप_पाथ: फॉल्स

पहिल्या महिन्यातल्या तक्रारींपैकी बऱ्याचशा या एका ओळीशी येऊन थांबतात.

बाकीचे आकडे थोडक्यात. ५०२ म्हणजे मागची सेवा जोडणीच घेत नाही किंवा भलतंच उत्तर देते. ५०४ म्हणजे ती वेळेत बोलली नाही. काँगची मुदत न सांगता ६०,००० मिलिसेकंद असते आणि जोडणी फसली तर तो ५ वेळा पुन्हा प्रयत्न करतो, हे दोन्ही सर्व्हिसखाली बदलता येतं. आतल्या सेवेसाठी पूर्ण मिनिटभर थांबणं मला फार वाटतं, कारण एक सेवा रखडली की तिच्या नावाने गेटवेवर जोडण्यांची रांग वाढत जाते. ५०३ सोबत 'रिंग-बॅलन्सर' असा शब्द दिसला तर त्या अपस्ट्रीममधलं, म्हणजे मागच्या सर्व्हरांच्या गटातलं, एकही टार्गेट (सर्व्हर) धड उरलेलं नाही.

बदल लागू करणं: चार आज्ञा, चार परिणाम

इथे घाई करू नका.

'काँग रीलोड' ही रोजच्या वापरातली आज्ञा. ती एन्जिनएक्सला हप सिग्नल पाठवते. नव्या सेटिंगचे नवे वर्कर उभे राहतात, जुने हातातल्या विनंत्या पूर्ण करून निवृत्त होतात. गिरणीत पाळी बदलते तसं: नवी पाळी यंत्रावर आल्यावरच जुनी निघते, यंत्र थांबत नाही. यॅमल फाइलही या वेळी पुन्हा वाचली जाते. सुरू करताना '-सी' ने जी फाइल दिली होती तीच रीलोडलाही द्या.

'काँग क्विट' सौम्यपणे थांबवते. चालू विनंत्या संपू देते, पण १० सेकंदांपर्यंतच. त्यानंतर जबरदस्तीने बंद. मोठ्या फाइली चढवणाऱ्या किंवा लांब चालणाऱ्या विनंत्या असतील तर '--टाइमआउट' ने ही मुदत वाढवा. आणखी एक उपयोगी पर्याय '--वेट': थांबण्याची प्रक्रिया सुरू करण्याआधी इतके सेकंद काँग नेहमीप्रमाणे काम करत राहतो. समोर लोड बॅलन्सर (अनेक सर्व्हरांत वाहतूक वाटणारा) असेल तर त्याला 'हा सर्व्हर आता यादीतून काढा' हे कळायला तेवढा अवधी मिळतो.

'काँग स्टॉप' टर्म सिग्नल पाठवते. चालू विनंत्या तुटू शकतात.

'काँग रीस्टार्ट' म्हणजे स्टॉप आणि मग स्टार्ट. मधल्या काळात गेटवे नसतो. नावाने निरुपद्रवी वाटते, म्हणून सर्वांत जास्त धोका हिचाच. एकच सर्व्हर असेल तर दिवसाउजेडी ही आज्ञा देऊ नका, रीलोडने भागतं का ते आधी पाहा. बहुतेक वेळा भागतं.

म्हणजे एका बदलाची पूर्ण वाट अशी: गिटमध्ये फाइल बदला, 'काँग कॉन्फिग पार्स', मग 'काँग रीलोड', लगेच कर्लने त्या राउटवर एक विनंती, आणि दुसऱ्या एखाद्या, न बदललेल्या राउटवरही एक. दुसरी विनंती लोक विसरतात. आपण काय मोडलं नाही, हे तीच सांगते.

काँग डॉकरमध्ये असेल तर याच आज्ञा 'डॉकर एक्झेक' नंतर कंटेनरचं नाव देऊन चालवायच्या. व्हेरिएबल बदलायचं असेल तर मात्र कंटेनर नव्यानेच उभारावा लागतो. चालू कंटेनरचं व्हेरिएबल बाहेरून बदलत नाही.

कुलूप आणि मर्यादा

ग्रंथालयाची सूची खुली ठेवली तर एखादी स्क्रिप्ट दिवसभर तीच चाळत बसेल. सर्व्हिसखाली दोन प्लगिन जोडा, एक किल्ली तपासणारं आणि एक विनंत्यांना मर्यादा घालणारं:

  प्लगिन्स:
  - नेम: की-ऑथ
  - नेम: रेट-लिमिटिंग
    कॉन्फिग:
      मिनिट: ३०
      पॉलिसी: लोकल

रीलोडनंतर किल्लीशिवाय विनंती पाठवली की ४०१ (ओळख पटली नाही) यायला हवा. तो आला नाही तर प्लगिन भलत्याच पायरीवर जोडलं गेलंय, म्हणजे यॅमलमधली डावीकडची जागा पुन्हा पाहा. किल्ली देण्यासाठी कन्झ्युमर (ग्राहकाची नोंद) लागतो, त्याच्याखाली 'कीऑथ_क्रेडेन्शियल्स' मध्ये किल्ली लिहायची, आणि ग्राहक ती 'एपीआयकी' नावाच्या हेडरमध्ये पाठवतो. खरी किल्ली असलेली फाइल गिटमध्ये जाऊ देऊ नका. सर्व्हरवरही ती फक्त काँगच्या वापरकर्त्याला वाचता यावी.

आता मर्यादा तपासा. उत्तरातल्या 'एक्स-रेटलिमिट-रिमेनिंग-मिनिट' या हेडरमध्ये शिल्लक दिसते, ती संपली की ४२९ (विनंत्या फार झाल्या). 'लोकल' या पॉलिसीत प्रत्येक काँग सर्व्हर आपापली मोजणी ठेवतो. लोड बॅलन्सरमागे तीन सर्व्हर असतील तर ग्राहकाला मिनिटाला ३० नव्हे, ९० पर्यंत विनंत्या मिळू शकतात. दुरुपयोग रोखण्यापुरतं हे पुरतं. पैसे मोजून घेतलेला कोटा तंतोतंत पाळायचा असेल तर मोजणी सर्वांमिळून रेडिस या सामाईक साठ्यात ठेवावी लागते.

लॉग वाचायची सवय

टेल -एफ /यूएसआर/लोकल/काँग/लॉग्ज/एरर.लॉग

रीलोड करताना दुसऱ्या खिडकीत हे चालूच ठेवा. शेजारी 'ॲक्सेस.लॉग' मध्ये प्रत्येक विनंती असते आणि 'ॲडमिन_ॲक्सेस.लॉग' मध्ये ॲडमिन एपीआयवर आलेली. शेवटची अधूनमधून मुद्दाम वाचा. तिथे ओळखीचा नसलेला पत्ता दिसणं ही गंभीर गोष्ट आहे.

नव्या आवृत्त्यांत प्रत्येक उत्तरासोबत 'एक्स-काँग-रिक्वेस्ट-आयडी' येतो आणि तोच एरर लॉगमध्येही उमटतो. तक्रार करणाऱ्याकडून हा आयडी मागून घ्या, ग्रेपने शोधा, आणि हजारो ओळींतून त्याच्याच विनंतीची ओळ समोर येते. लॉगची पातळी मुळात 'नोटिस' असते. शोधापुरती 'डीबग' करायला हरकत नाही, पण काम संपताच मागे घ्या. डिस्क भरून सर्व्हर थांबल्याची कारणं शोधताना डीबग लॉग वारंवार भेटतो.

डेटाबेस असलेला काँग हाती आला तर

अशा काँगमध्ये ॲडमिन एपीआयने थेट बदल करता येतात. डेटाबेसशिवायच्या काँगमध्ये हाच प्रयत्न ४०५ (ही कृती इथे चालत नाही) ने परत येतो. थेट बदल सोपे असतात, आणि सहा महिन्यांनी कोणता राउट कोणी कशासाठी टाकला हे कोणालाच सांगता येत नाही, म्हणून इथेही फाइलच प्रमाण मानावी. त्यासाठी डेक हे वेगळं साधन आहे:

डेक गेटवे डंप -ओ काँग.वायएमएल
डेक गेटवे डिफ काँग.वायएमएल
डेक गेटवे सिंक काँग.वायएमएल

डंप आहे ते फाइलमध्ये उतरवतं, डिफ फरक दाखवतं, सिंक तो लागू करतं. सिंकबद्दल हे पक्कं लक्षात असू द्या: फाइलमध्ये जे नाही ते गेटवेतून पुसलं जातं. फक्त आपल्या दोन सेवांची फाइल बनवून सिंक केलं तर बाकी सगळ्यांच्या सेवा गेल्या. डिफमध्ये 'डिलीटिंग' ने सुरू होणारी एकेक ओळ वाचल्याशिवाय सिंक नको. अनेक संघांचा गेटवे एकच असेल तर प्रत्येकाने आपल्या गोष्टींना टॅग लावावा आणि डेकला '--सिलेक्ट-टॅग' देऊन तेवढ्यापुरतंच बांधून ठेवावं.

आवृत्ती वाढवताना डेटाबेसची रचनाही बदलते. आधी डेटाबेसची प्रत घ्या. मग नव्या आवृत्तीतून 'काँग मायग्रेशन्स अप' चालवा. या टप्प्यानंतरही जुने सर्व्हर वाहतूक घेत राहू शकतात. नवे सर्व्हर उभे करा, वाहतूक हळूहळू तिकडे वळवा, जुने 'काँग क्विट' ने बंद करा. शेवटचा जुना सर्व्हर बंद झाल्याची खात्री झाल्यावरच 'काँग मायग्रेशन्स फिनिश', कारण ती जुन्या आवृत्तीला लागणारी रचना काढून टाकते. याच कुटुंबात 'काँग मायग्रेशन्स रीसेट' नावाची आज्ञा आहे. ती डेटाबेसमधलं काँगचं सगळं पुसते. सरावाच्या मशीनबाहेर तिचं काही काम नाही, आणि खऱ्या सर्व्हरच्या स्क्रिप्टमध्ये ती कुठे लिहिलेली सापडली तर त्याच दिवशी काढून टाका.